गोठ्यावरच्या सुपरवायझरचे काम: ६० गाईंची देखरेख कशी करावी

सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांत ४० ते १०० जनावरांचे गोठे आता नवलाचे राहिलेले नाहीत. दारातली चार जनावरे घरची माणसे सांभाळतात; पण संख्या तीस-चाळीसच्या पुढे गेली की धारा, वैरण, माज, औषधपाणी आणि कामगार हे सगळे एकट्या मालकाला पाहणे होत नाही आणि तो सुपरवायझर शोधू लागतो. या जागेसाठी दुग्धव्यवसायाची किंवा पशुसंवर्धनाची पदविका असल्यास चांगलेच, आणि कृषी विज्ञान केंद्रांतली अल्पमुदतीची प्रशिक्षणेही उपयोगी पडतात. तरी बारावीपर्यंत शिकलेला, स्वतःच्या हाताने धारा काढलेला आणि रोज न चुकता वही लिहिणारा माणूस हे काम उत्तम करू शकतो, असे मी पाहिले आहे. माझी बहुतेक वर्षे संकरित होल्स्टिन गाईंच्या गोठ्यांवर गेली, म्हणून पुढचे सगळे ६० गाईंचा गोठा डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे. आजारी जनावर कोणालाही ओळखता येते. उद्या आजारी पडणारे जनावर आज ओळखावे, यासाठी सुपरवायझरला पगार मिळतो.

रुजू होण्यापूर्वी मालकाशी चार गोष्टी स्पष्ट बोलून कागदावर घ्याव्यात: पगार व राहण्याची खोली, सुट्टी, कामगार ठेवण्याचा आणि काढण्याचा अधिकार कोणाचा, आणि मालकाला न विचारता किती रुपयांपर्यंतचा खर्च करता येईल. रात्री दोन वाजता गाय अडली असताना डॉक्टरांना बोलवावे की मालकाच्या फोनची वाट पाहावी, असा प्रश्न उभाच राहता कामा नये.

पहिला महिना आणि वही

नव्या गोठ्यावर गेल्यावर पहिले पंधरा दिवस काहीही बदलू नये. पेंड, वैरणीची वेळ, धारांचा क्रम हे सगळे आधी आहे तसे पाहावे, कारण गाई सवयीने चालतात आणि आपण अजून त्यांना ओळखत नसतो. या दिवसांत प्रत्येक गाईचे एक पान तयार करावे. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, गोठ्यातला सोयीचा क्रमांक, कितवे वेत, शेवटचे वेत कोणत्या तारखेला झाले, रेतन कधी केले, कोणत्या वळूचे, गाभण तपासणी झाली का, सध्याचे दूध किती आणि मागील आजार कोणते, एवढे त्या पानावर असावे. यातली निम्मी माहिती मालकाच्या डोक्यात आणि उरलेली जुन्या गड्याच्या डोक्यात असते. तो गडी काम सोडून जाण्याआधी त्याच्याजवळ बसून ती उतरवून घ्यावी. मोबाइलवरील नोंदी चालतात, पण धारांच्या वेळी ओल्या हातांनी मोबाइल हाताळणे होत नाही, म्हणून भिंतीवर एक फळा आणि खिशात एक लहान वही असावीच.

सकाळची फेरी

धारा पाच वाजता सुरू होत असतील तर सुपरवायझरने साडेचारला गोठ्यात असावे. दिवे लावण्याआधी एका टोकाला उभे राहून दोन मिनिटे नुसते ऐकावे. रवंथाचा संथ आवाज, एखाद्या गाईचे कण्हणे, खोकला, साखळीची अस्वस्थ खळखळ, हे सगळे अंधारात अधिक स्पष्ट ऐकू येते. मग आधी गव्हाणीच्या बाजूने आणि नंतर मागच्या बाजूने चालत जावे. पुढून जाताना रात्रीची वैरण कोणापुढे तशीच शिल्लक आहे, नाकपुड्या ओलसर आहेत की कोरड्या, कान उभे आहेत की पडलेले, हे दिसते. मागून जाताना शेण, जार, सोट (योनीतून लोंबणारा चिकट स्राव) आणि कास दिसते. शेण पातळ, फेसाळ आणि त्यात मक्याचे अख्खे दाणे असतील तर भरडा (जाडसर दळलेले धान्य) जास्त झाला आहे किंवा वैरण कमी पडली आहे. शेण कोरडे आणि गोळ्यागोळ्यांचे असेल तर पाणी कमी पडत आहे. बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून अधिक गाई रवंथ करत असाव्यात. मुक्त संचार गोठ्यात कळपापासून दूर, कोपऱ्यात तोंड करून उभी राहिलेली गाय सर्वांत आधी तपासावी.

तपासणे म्हणजे निदान थर्मामीटर लावणे. गाईचे नेहमीचे तापमान १०१.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. नुकत्याच व्यालेल्या गाईचे तापमान पहिले दहा दिवस रोज सकाळी घ्यावे आणि ते १०३ च्या वर गेले तर गाय खात असली तरी डॉक्टरांना कळवावे. या एका सवयीने मी गर्भाशयाचे कितीतरी आजार लवकर पकडले आहेत.

धारा आणि कास

गोठ्याचे पैसे कासेत असतात आणि नुकसानही तिथूनच सुरू होते, म्हणून धारांच्या वेळी सुपरवायझरने कार्यालयात किंवा फोनवर असू नये. संपूर्ण कास पाण्याने धुण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी आहे. ती बंद करावी, कारण वरून ओघळलेले घाण पाणी सडांच्या टोकाशी जमते आणि यंत्राच्या कपात ओढले जाते. फक्त सड स्वच्छ करून प्रत्येक गाईसाठी वेगळ्या कापडाने ते पूर्ण कोरडे करावेत. पहिल्या तीन-चार धारा काळ्या तळाच्या वाटीत काढाव्यात आणि ती वाटी दिव्याखाली तिरकी करून पाहावी. निरोगी दूध काळ्या तळावरून सलग पसरते. दगडी, म्हणजे कासदाह, सुरू झाली असेल तर मोहरीएवढ्या पांढऱ्या गाठी मागे चिकटून राहतात. ही वाटी पाहायला चार सेकंद लागतात आणि कामगार सर्वांत आधी हेच काम टाळतात, म्हणून ते रोज डोळ्यांसमोर करून घ्यावे.

सडांना हात लागल्यापासून साधारण एक-दीड मिनिटात यंत्र लागले पाहिजे. पान्हा सोडवणाऱ्या संप्रेरकाचा प्रभाव पाच-सात मिनिटेच टिकतो. पाच गाईंचे सड एकदम धुऊन मग यंत्र फिरवले तर शेवटच्या गाईचा पान्हा निघून गेलेला असतो. हाताने धारा काढणारे गडी अंगठा मुडपून सड ओढत असतील तर ती सवय मोडावी, पूर्ण मुठीने धार काढायला शिकवावे. धारा संपल्यावर सड पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत आणि लगेच गव्हाणीत ताजी वैरण टाकावी. सडाचे तोंड पूर्ण मिटायला अर्धा तास लागतो, आणि खायला असले की गाय तेवढा वेळ उभी राहते, शेणात बसत नाही.

यंत्राचे रबरी लायनर (कपातली सडाभोवती बसणारी नळी) फाटेपर्यंत वापरू नयेत. सर्वसाधारण लायनर २,५०० दोहनांपर्यंत चांगला राहतो. ४८ दुभत्या गाई, चार युनिट आणि दोन वेळा धारा असतील तर एका युनिटवर दिवसाला २४ दोहने होतात, म्हणजे साधारण १०० दिवसांत लायनर बदलायला हवा. ती तारीख फळ्यावर लिहून ठेवावी. दर पंधरा दिवसांनी चारही सडांची सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) ही कासदाहाची चाचणी करावी. पसरट वाटीत दूध आणि द्रावण समप्रमाणात घेऊन फिरवले आणि ते घट्ट, चिकट झाले, तर दिसायला चांगल्या असलेल्या दुधातही सुप्त कासदाह आहे. धारांचा क्रमही ठरलेला असावा: पहिल्या वेताच्या आणि निरोगी गाई आधी, औषध चालू असलेल्या गाई सर्वांत शेवटी आणि वेगळ्या बादलीत.

या शेवटच्या नियमाची किंमत मी मोजली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गाईच्या सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली होती आणि ‘हिचे दूध वेगळे काढ’ असे मी संध्याकाळच्या गड्याला तोंडी सांगितले. सकाळी धारांना दुसराच गडी आला. त्या गाईचे दूध कूलरमध्ये गेले, संकलन केंद्रावरच्या चाचणीत अंश सापडला आणि दोन वेळचे सगळे दूध परत आले. मालक रागावले नाहीत, शांतपणे ते दूध ओतायला माझ्याबरोबर उभे राहिले, आणि ते मला अधिक लागले. त्या दिवसापासून औषध चालू असलेल्या गाईच्या दोन्ही मागच्या पायांना लाल पट्टी, फळ्यावर तिचा क्रमांक आणि दूध पुन्हा केव्हापासून घ्यायचे ती तारीख, या तीन खुणा पूर्ण झाल्याखेरीज मी ट्यूबचे झाकण काढू देत नाही. औषधाच्या वेष्टनावर लिहिलेली दूध वर्ज्य करण्याची मुदत पूर्ण पाळावी. ते दूध कोणाच्या तरी घरी लहान मूल पिणार असते.

पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचण्याची मागणी एखादा गडी किंवा मालकसुद्धा करील. ती ठामपणे नाकारावी. दूध वाढवण्यासाठी दुभत्या जनावराला असे काही टोचणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

माज, रेतन आणि तारखा

गाईचे माजाचे चक्र २१ दिवसांचे असते, मागेपुढे तीन दिवस. एक माज चुकला की तीन आठवड्यांचे खाद्य अंगावर पडते. माज पाहण्यासाठी दिवसातून तीन वेळा, पहाटे, दुपारनंतर आणि रात्री नऊच्या सुमारास, प्रत्येकी वीस मिनिटे निव्वळ निरीक्षणासाठी द्यावीत. शेण काढताना माज पाहिला असे म्हणणे हे पाहणे नव्हे. हंबरणे, दूध अचानक कमी होणे, काचेसारखा पारदर्शक सोट लोंबणे या खुणा आहेतच, पण दुसरी गाय अंगावर चढली असता जी स्थिर उभी राहते ती माजावर आहे, ही सर्वांत खात्रीची खूण. चढणारी गाय माजावर असेलच असे नाही, आणि नवशिक्यांची चूक बहुधा इथेच होते. म्हशीत माज पुष्कळदा मुका असतो आणि रात्री अधिक दिसतो, म्हणून म्हशींच्या गोठ्यावर रात्रीची फेरी चुकवू नये.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. रेतन झाले की त्याच क्षणी पुढच्या सगळ्या तारखा वहीत मांडाव्यात. समजा ३७ नंबरच्या गाईला ४ जूनला रेतन केले. २५ जूनच्या आसपास ती उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते का, ते पाहायचे. नाही उलटली तर ३ ऑगस्ट ते २ सप्टेंबरच्या दरम्यान डॉक्टरांकडून गाभण तपासणी करून घ्यायची. २८० दिवस धरले तर ती ११ मार्चला वेणार, म्हणून १० जानेवारीला तिला आटवायचे, म्हणजे तिच्या धारा बंद करायच्या. आटवताना डॉक्टरांच्या सल्ल्याने सडांत औषध सोडावे आणि पुढचे ६० दिवस कासेला पूर्ण विश्रांती द्यावी. म्हशीचा गाभणकाळ साधारण ३१० दिवसांचा असतो, तो हिशेब वेगळा ठेवावा. एखादी गाय तीन वेळा उलटली तर चौथे रेतन परस्पर करू नये, तपासणी आधी.

वैरण

दुभत्या संकरित गाईला शरीर पोसण्यासाठी सुमारे दीड किलो आणि त्यावर प्रत्येक लिटर दुधामागे ४०० ग्रॅम पेंड, हा सुरुवातीचा अंदाज धरावा. म्हशीसाठी लिटरमागे ५०० ग्रॅम. पेंडेच्या हिशेबापेक्षा वैरणीत अधिक चुका होतात. उसाच्या पट्ट्यात तोडणीच्या हंगामात वाढे (उसाचे हिरवे शेंडे) स्वस्त मिळते आणि अनेक गोठ्यांवर महिनोन्महिने तेवढेच चालते. वाढ्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. त्यामुळे वाढे इतर वैरणीत मिसळूनच द्यावे आणि खनिज मिश्रण चुकवू नये. कोवळी ज्वारी, विशेषतः पाण्याचा ताण पडलेली, मुळीच घालू नये; किराळ (कोवळ्या ज्वारीतले विष) लागून जनावर तासाभरात दगावते. वैरण किंवा पेंड बदलायची असेल तर आठ-दहा दिवस थोडी थोडी बदलावी. मुरघासाचा (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या वैरणीचा) खड्डा किंवा बॅग किमान ४५ दिवसांनी उघडावी, रोज पूर्ण थर कापावा आणि बुरशीचा भाग गाभण गाईंपुढे चुकूनही जाऊ देऊ नये. पाण्याचे टाके दोन दिवसांनी घासावे. आपल्याला ज्या पाण्यात हात घालावासा वाटत नाही, ते पाणी गाईही पोटभर पीत नाही.

उन्हाळ्यात होल्स्टिन गाई दुपारी खात नाहीत. पंखे आणि फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे यंत्र) असले तरी वैरणीचा मोठा भाग पहाटे आणि रात्री टाकावा.

वेत आणि वासरू

शेपटीच्या मुळाच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडले आणि कास ताणली की गाईला कोरड्या, स्वच्छ आणि मोकळ्या जागेत घ्यावे. पाणमोट फुटल्यावर दोन तासांत प्रगती नसेल तर डॉक्टरांना बोलवावे; चार माणसांनी दोर लावून वासरू ओढणे हा उपाय नव्हे. जार बारा तासांत पडला नाही तर तो ओढू नये आणि त्याला वजनही बांधू नये. जार आणि गर्भपाताचे अवशेष हातमोज्यांशिवाय हाताळू नयेत आणि चुना टाकून खोल पुरावेत, कारण सांसर्गिक गर्भपाताचा जंतू माणसालाही जडतो आणि तो ताप महिनोन्महिने सोडत नाही.

वासराची नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी आणि पहिल्या तासा-दोन तासांत चीक (व्याल्यानंतरचे पहिले घट्ट दूध) पाजावा. ३० किलोच्या वासराला २४ तासांत तीन लिटर चीक गेला पाहिजे, त्यातला मोठा भाग पहिल्या काही तासांतच; जार पडायची वाट पाहत चीक थांबवण्याची समजूत अजून आहे, ती गड्यांना नीट समजावून दूर करावी. व्यालेली गाय पहिल्या तीन दिवसांत लटपटू लागली, कान गार पडले, मान वळवून कुशीत घालून बसली, तर तो दुग्धज्वर आहे. तिला छातीवर टेकवून बसती ठेवावी, तोंडाने काहीही पाजू नये आणि डॉक्टरांची वाट पाहावी. शिरेतून कॅल्शियम हळूहळू आणि हृदयाचे ठोके ऐकत द्यावे लागते. घाईने दिलेल्या बाटलीने गाय जागीच जाते.

इथेच आपली मर्यादा स्पष्ट करतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ प्रमाणे उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे. सुपरवायझरने लक्षणे, तापमान आणि वेळ अचूक सांगावी आणि सांगितलेले औषध शेवटच्या दिवसापर्यंत द्यावे. गावातले डॉक्टर नसतील तर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा. लाळ्या खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी, आणि कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात सांसर्गिक गर्भपाताची लस एकदा, या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच मांडून ठेवाव्यात.

माणसे

गाईंपेक्षा माणसे सांभाळणे अवघड, असे प्रत्येक मालक म्हणतो. माझा अनुभव असा, की गोठ्यावरची माणसे बहुधा कामाने थकत नाहीत, अनिश्चिततेने थकतात. सुट्टी कोणत्या दिवशी, पगार कोणत्या तारखेला, उचल किती आणि ती कशी फिटणार, हे ठरलेले असले की बिहारहून आलेला गडीही तीन-चार वर्षे एका जागी राहतो. छठपूजेला तो गावी जाणार हे गृहीत धरावे. त्या पंधरा-वीस दिवसांत कोणत्या गाई वेणार आहेत ते दोन महिने आधी वहीत पाहावे आणि बदली माणसाला तो जाण्यापूर्वी आठवडाभर त्याच्याबरोबर धारांना उभे करावे. त्याला मराठी येत नसेल तर आपण त्याच्याशी हिंदीत नीट बोलावे; ओरडून सांगितलेली मराठी अधिक कळत नाही.

चूक झाली तर चारचौघांत बोलू नये. बाजूला घेऊन, पुन्हा स्वतः करून दाखवून, मग त्याच्याकडून करून घ्यावे. जनावराला मारणाऱ्याला मात्र पहिल्याच वेळी थांबवावे, कारण मार खाल्लेली गाय दुसऱ्या दिवशीही त्या माणसासमोर पान्हा सोडत नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती मुकी आहे. कामगारांना धनुर्वाताची लस, गमबूट आणि हातमोजे मिळवून देणे हे सुपरवायझरचेच काम आहे. मालक विसरले असतील तर पुन्हा मागावे. कडबा कुट्टी यंत्राच्या तोंडाशी सैल बाह्या, उपरणे किंवा ओढणी घालून कोणालाही उभे राहू देऊ नये आणि अडकलेली वैरण यंत्र बंद केल्याशिवाय काढू देऊ नये.

मालकाकडे महिन्याचा एक कागद द्यावा: दुभत्या किती, भाकड किती, व्यालेल्या आणि उलटलेल्या किती, लिटरमागे वैरण-पेंडेचा खर्च, आणि फॅट व एसएनएफची (दुधातल्या स्निग्धांशाखेरीजच्या घन पदार्थांची) सरासरी. गाईच्या दुधाचा दर बहुधा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्यामुळे एसएनएफ घसरू लागले तर पगाराच्या दिवसापर्यंत न थांबता त्याच आठवड्यात वैरण तपासावी. मेलेले जनावर, गेलेले दूध आणि आपली चूक, तिन्ही त्याच दिवशी सांगावीत.

रात्री नऊला शेवटची फेरी मारावी. दिवसात गव्हाणीत काय उरले ते पाहावे, वेताला आलेल्या गाईजवळ दोन मिनिटे उभे राहावे, टाक्यातले पाणी आणि जनित्रातले डिझेल पाहावे, वासरांच्या खोपटातली ओली पेंढी बदलायला सांगावी. मग फळ्यावर उद्या पहाटे कोणती गाय आधी पाहायची आहे तिचा क्रमांक लिहावा आणि एक सोडून बाकीचे दिवे मालवावेत.